रानातून परतलेली मुले

उत्तर युगांडातील अचोली लोकांच्या प्रदेशात १९८६ पासून जवळजवळ वीस वर्षे युद्ध चालले. त्यात बंडखोरांच्या बाजूने लढणाऱ्यांत फार मोठा भरणा पळवून नेलेल्या मुलांचा होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाली, बंडखोर सीमेपलीकडे काँगोच्या जंगलात गेले आणि गुलू, किटगुम, पादेर या जिल्ह्यांत पुन्हा शेते पिकू लागली. तेव्हा पळवलेली मुले आज तिशी-चाळिशीतील स्त्री-पुरुष आहेत. त्यांच्या झोपेत, संसारात, जमिनीच्या भांडणांत आणि मुलांच्या शाळेत ते युद्ध अजून शिल्लक आहे. ते इतके का टिकले, याचे उत्तर रानात जे घडले त्यात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे परतल्यावर जे घडले त्यात आहे.

जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या राष्ट्रीय प्रतिकार सेनेने कंपाला जिंकले. पराभूत सैन्यात अचोली शिपाई बहुसंख्य होते. ते उत्तरेकडे पळाले आणि त्यांच्या मागोमाग नव्या सरकारचे सैन्यही गेले. सूडाच्या भीतीने ग्रासलेल्या त्या प्रदेशात आधी अ‍ॅलिस आउमा या अंगात येणाऱ्या तरुणीने ‘पवित्र आत्म्याची चळवळ’ उभी केली. तिचे सैन्य १९८७ मध्ये राजधानीच्या वाटेवर जिंजाजवळ मोडले. त्यानंतर ओडेक गावच्या जोसेफ कोनीने उरल्यासुरल्या बंडखोरांना एकत्र केले. त्याच्या संघटनेचे पुढे रूढ झालेले नाव लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी, म्हणजेच एलआरए. तिला अचोली जनतेचा पाठिंबा मिळाला नाही, आणि ज्यांच्यासाठी आपण लढतो असे कोनी सांगत असे, त्याच लोकांवर त्याने हत्यार उगारले. १९९४ मध्ये वाटाघाटी फिसकटल्या. मुसेवेनी सरकार दक्षिण सुदानच्या बंडखोरांना मदत करत होते, त्याला उत्तर म्हणून सुदानच्या खार्टुम सरकारने कोनीला शस्त्रे आणि सीमेपलीकडे तळ दिले. शस्त्रे आली, पण ती धरायला माणसे नव्हती. ती झोपडीझोपडीतून ओढून आणण्यात आली. वेगवेगळ्या अंदाजांनुसार पळवलेल्या मुलांची संख्या २४ हजारांपासून ३८ हजारांपर्यंत आहे. एक-दोन दिवस ओझी वाहून सुटलेली मुले आणि तरुण धरले तर आकडा याहून पुष्कळ वर जातो.

मुलेच का पळवली, याचे कारण क्रूर असले तरी सरळ आहे. मोठा माणूस संधी मिळताच पळतो आणि त्याला घरची वाट ठाऊक असते. सात-आठ वर्षांचे मूल ओझे पेलत नाही. बारा-चौदा वर्षांचे मूल ओझे वाहते, बंदूक पेलते, सांगितलेले खरे मानते आणि रानात वाट चुकते. गुलू भागात परतलेल्या ३०१ मुलांचा अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पळवले तेव्हाचे त्यांचे सरासरी वय तेरा वर्षांहून किंचित कमी होते, आणि रानात काढलेला काळ सरासरी ७४४ दिवसांचा. दर चारांतील तिघांनी कुणाला तरी ठार होताना पाहिले होते. ३९ टक्क्यांना स्वतःच्या हाताने कुणाला तरी मारावे लागले होते.

हे मारणे अपघाती नव्हते, ती एक पद्धत होती. मुले बहुधा रात्री धरली जात, कमरेला दोरी बांधून एका ओळीत चालवली जात आणि लुटीचे धान्य त्यांच्याच डोक्यावर दिले जात. पहिल्या काही दिवसांत मार ठरलेला. मग अंगावर शिया तेलाचे क्रॉस काढून त्यांना ‘सैनिक’ करून घेतले जाई. या तेलामुळे आता तू कुठेही पळालास तरी आत्म्यांना तू दिसशील, असे बजावले जाई. एखादे मूल पळताना सापडले की त्याला मारण्याचे काम त्याच्याच बरोबरीच्या मुलांना मिळे. कधी शेजाऱ्याला, कधी नातलगाला मारायला लावत, तेही गावकऱ्यांच्या देखत. असे केल्यावर गाव आपल्याला परत घेणार नाही, हे मुलाला कुणी सांगावे लागत नसे. परतीची वाट अशी मुलाच्याच हातांनी बंद करवून घेतली जाई, आणि पुढे सर्वांत उशिरा बरी झाली ती हीच जखम.

मुलींचा वाटा याहून वेगळा होता. लहान मुली सेनापतींच्या घरी मुले सांभाळत, पाणी आणत, स्वयंपाक करत. वयात आल्या की त्या त्याच पुरुषांना ‘बायको’ म्हणून वाटून दिल्या जात. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटेपूर्वी आबोके येथील सेंट मेरीज कन्याशाळेतून १३९ मुली नेल्या गेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकाला बरोबर घेऊन बंडखोरांचा माग काढत रानात गेल्या आणि १०९ मुलींना सोडवून घेऊन आल्या. सेनापतीने ३० जणी ठेवून घेतल्या. त्यांतल्या एकीची आई अँजेलिना आत्याम यांनी इतर पालकांना जमवून अपहृतांच्या सुटकेसाठी जगभर आवाज उठवला. त्यांनी गप्प बसावे म्हणून त्यांची एकटीची मुलगी परत द्यायची तयारी कोनीने दाखवली. सगळ्या मुली आपल्याच आहेत, सर्वांना सोडा, असे सांगून त्यांनी ती नाकारली. १९९८ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला. मुलगी परतली ती २००४ मध्ये, रानात जन्मलेल्या नातवंडांसह.

बालसैनिक म्हणजे बंदूक घेतलेला मुलगा, अशी प्रतिमा छायाचित्रांनी रूढ केली. २००७ मध्ये पॅरिसमध्ये मान्य झालेल्या तत्त्वांनी ती दुरुस्त केली. हमाल, आचारी, निरोप्या, हेर म्हणून किंवा लैंगिक शोषणासाठी सशस्त्र गटाने वापरलेले अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल या व्याख्येत येते. ही दुरुस्ती महत्त्वाची होती, कारण जगात अनेक ठिकाणी पुनर्वसनाच्या योजना बंदूक जमा करणाऱ्याला आधी मिळत आणि मुली त्या रांगेत दिसतच नसत.

छावणीतले युद्ध

जी मुले पळवली गेली नाहीत त्यांचे बालपण छावण्यांत गेले. बंडखोरांना गावांतून अन्न मिळू नये म्हणून सरकारने १९९६ पासून लोकांना ‘संरक्षित खेड्यां’त हलवले. सैन्याने दिलेली मुदत संपल्यावर गावात सापडलेला माणूस बंडखोर समजला जाई. २००२ मध्ये सुदानमधील तळांवर युगांडाच्या सैन्याने ‘आयर्न फिस्ट’ मोहीम काढली. बंडखोर उलटून युगांडात शिरले आणि विस्थापितांचा आकडा १८ लाखांच्या घरात गेला. अचोली प्रदेशातील जवळपास सगळी ग्रामीण वस्ती छावण्यांत होती. पाब्बो ही त्यांतली सर्वांत मोठी, साठ हजारांच्या आसपास लोकांची. झोपडीला झोपडी चिकटलेली, एक पेटली की ओळच्या ओळ जळे. आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या पाहणीत या छावण्यांत दर आठवड्याला सुमारे हजार माणसे अधिकची मरत असल्याचे दिसले. बहुतेक मृत्यू मलेरिया, एड्स आणि जुलाबाने झाले होते. हे लोक सीमा ओलांडून गेले नव्हते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते निर्वासितही नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य प्रमुख यान एगेलँड यांनी २००३ मध्ये येथे येऊन, जगाने इतके दुर्लक्षिलेले दुसरे संकट नाही, असे जाहीरपणे म्हटले.

छावणीही सुरक्षित नव्हती. २१ फेब्रुवारी २००४ ला बार्लोन्यो छावणीत बंडखोरांनी तीनशेहून अधिक माणसे मारली. म्हणून संध्याकाळ झाली की आईबाप मुलांना शहराकडे धाडत. चटई आणि गोधडी घेऊन हजारो मुले रोज कित्येक मैल चालत. लाकोरच्या रुग्णालयाच्या आवारात, बसस्थानकात, दुकानांच्या ओसरीवर झोपत आणि उजाडताच शाळेसाठी परत निघत. अशा मुलांची संख्या काही काळ चाळीस हजारांपर्यंत गेली. २००३ मध्ये गुलूचे आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा आणि इतर धर्मांचे प्रमुख त्यांच्याबरोबर काही रात्री उघड्यावर झोपले, तेव्हा कुठे जगाच्या वर्तमानपत्रांना ही मुले दिसली.

परतणे

पळालेले किंवा चकमकीत सापडलेले मूल आधी सैन्याच्या बालसंरक्षण कक्षात नेले जाई. तिथून त्याची रवानगी स्वागतकेंद्रात होई. गुलूतील गस्को ही स्थानिक संस्था १९९४ पासून हे काम करत होती. किटगुममध्ये स्त्रियांनी असे केंद्र चालवले, आणि लिरा येथील केंद्राला सिस्टर राकेलेंचे नाव मिळाले. तेथे जखमांवर उपचार होत, अंगातून गोळ्यांचे तुकडे काढले जात, मुले नाचत, चित्रे काढत आणि घरच्यांचा शोध लागेपर्यंत काही आठवडे राहत. गुलूच्या मेगा एफएम केंद्रावरून ‘घरी परत या’ हा कार्यक्रम लागे. त्यात परतलेली मुले स्वतःच्या आवाजात, नाव घेऊन रानातल्या सोबत्यांना सांगत की आम्ही जिवंत आहोत, आम्हाला कुणी मारले नाही. कोनीचे सेनापती लपून रेडिओ ऐकत. परतणाऱ्यांना मारतात ही भीती या आवाजांनी जेवढी मोडली तेवढी कुठल्याच पत्रकाने मोडली नसेल. २००० च्या माफी कायद्याने शस्त्र खाली ठेवणाऱ्याला खटल्यातून सूट मिळाली आणि एलआरएतील सुमारे १३ हजार जणांनी तिचा लाभ घेतला. माफीपत्रासोबत गादी, भांडी, कुदळ, बियाणे आणि थोडी रोख रक्कम मिळे. ज्याने छावणीत मुलगा गमावला होता त्या शेजाऱ्याला काही मिळत नसे. त्याच्या डोळ्यांसमोरून ही गादी जाई.

बहुतेकांना घरच्यांनी घरात घेतले, हे आवर्जून सांगायला हवे. किटगुम आणि पादेरमध्ये क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि जीनी अ‍ॅनन यांनी २००५-०६ मध्ये तरुणांची मोठी पाहणी केली. पळवलेली मुले म्हणजे समाजाला कायमचा धोका, ही समजूत तिने खोटी ठरवली. पळवले गेलेले तरुण मतदानात आणि गावच्या कामात इतरांहून पुढे होते. तीव्र मानसिक त्रास सर्वांना नव्हता. ज्यांनी सर्वाधिक हिंसा पाहिली किंवा केली त्यांच्यात तो एकवटला होता. सर्वांना सारखे भोवलेले नुकसान वेगळेच होते. त्यांची शाळा सरासरी जवळजवळ वर्षभराने कमी झाली, धड लिहिता-वाचता न येणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात दुप्पट होते आणि कमाई सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. बालसैनिकांवरील लिखाण बहुतेक वेळा दुःस्वप्नांपाशी थांबते. चौथीतून उचललेला मुलगा अठराव्या वर्षी पुन्हा चौथीच्या बाकावर बसू शकत नाही, हे दुःख त्या लिखाणात क्वचितच येते. हातावर पोट असलेल्या घरात तेच रोज टोचते.

मनात काय उरते

आघाताची आठवण साध्या आठवणीसारखी जुनी होत नाही. भीतीच्या टोकाला मेंदू वास, आवाज, घामाची ओल, हृदयाची धडधड हे सारे घट्ट धरून ठेवतो. ते कधी आणि कुठे घडले याची नोंद मात्र विस्कळीत राहते. म्हणून फांदी मोडल्याचा आवाज आला की माणूस वीस वर्षांपूर्वीचे आठवत नाही, ते त्या क्षणी पुन्हा जगतो. दचकणे, झोप उडणे, माणसे टाळणे, मन बधिर होणे, अचानक भडकणे, या लक्षणांना वैद्यक आघातोत्तर तणाव विकार म्हणते. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासात ज्या ७१ मुलांची या दृष्टीने तपासणी झाली त्यांतील ६९ जणांत लक्षणे गंभीर होती, आणि आई वारलेल्या मुलांची अवस्था अधिक वाईट होती. २००७ मध्ये युगांडा व काँगोतील १६९ माजी बालसैनिकांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के निघाले. मोजमापाची पद्धत, स्थळ आणि वेळ बदलली की आकडे असे हलतात. त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावते. ज्यांच्यात ही लक्षणे अधिक, त्यांच्यात सूडाची भावना अधिक आणि समेटाची तयारी कमी होती. मनाचे उपचार ही शांततेच्या कामातील सवड मिळाल्यास करायची गोष्ट नव्हे, हे यातून उघड होते.

छावण्यांतील न पळवलेल्या लोकांचे हाल कमी नव्हते. गुलू आणि अमुरू जिल्ह्यांतील विस्थापित प्रौढांच्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक जणांत तणाव विकाराची आणि दोन तृतीयांश जणांत नैराश्याची लक्षणे आढळली. ज्या घरी मूल परतले त्या घरातली आई स्वतःच आजारी होती.

अचोली लोक या सगळ्याकडे आपल्या दृष्टीने पाहतात. अन्यायाने मेलेल्या, पुरल्याविना पडलेल्या माणसाचा आत्मा, ज्याला ते ‘चेन’ म्हणतात, मारणाऱ्याला धरतो. नुसते प्रेत ओलांडणाऱ्यालाही धरतो, आणि मग त्याच्या घरच्यांना. रात्री मेलेल्यांचे आवाज ऐकू येणे, अंगात येऊन शेजाऱ्यावर धावून जाणे ही त्याची चिन्हे. संशोधकांना चेनची तक्रार आणि तणाव विकार यांचा जवळचा संबंध आढळला. तरी दोन्ही एकच आहेत असे म्हणून सोडून देणे बरोबर नाही. विकार एका माणसाला होतो, चेन साऱ्या घराला लागते. म्हणून त्यावरचा उपायही घराने, कुळाने मिळून करायचा असतो.

परतलेल्याला घराच्या तोंडाशी कच्चे अंडे पायाने फोडायला लावतात. खाली ओपोबो झाडाची बुळबुळीत डहाळी असते, ती मळ धुणारी. बाजूला कणगी उघडायची काठी असते, कारण आता याने पुन्हा आपल्याच कणगीतले खायचे. हा विधी हजारोंनी केला आणि अनेकांना त्याने खरोखर दिलासा दिला. खुनानंतरच्या समेटाचा ‘मातो ओपुट’ हा विधी अधिक कठीण आहे. त्यात आधी कबुली, मग भरपाई ठरते आणि शेवटी दोन्ही कुळे गुडघे टेकून एकाच भांड्यातला कडू मुळाचा रस पितात. पण त्यासाठी कुणी कुणाला मारले हे ठाऊक हवे. अनोळखी गावात रात्रीच्या अंधारात मारलेल्या माणसाचे कूळ तो मुलगा कुठून शोधणार? शिवाय युद्धाची झळ लागलेल्या शेजारच्या लांगो आणि तेसो प्रदेशांतील बळींचा या अचोली विधीशी संबंध नाही, आणि काही ख्रिस्ती पंथ त्याला भूतपूजा मानतात.

वैद्यकीय उपचारांपैकी कथनोपचार येथे सर्वाधिक तपासला गेला. त्यात माणसापुढे जमिनीवर दोरी अंथरतात. तीच त्याचे आयुष्य. चांगल्या घटनांसाठी फुले, वाईटांसाठी दगड ठेवायचे आणि मग जन्मापासून एकेका दगडापाशी थांबून सारे सविस्तर सांगायचे. कुठे होतो, काय दिसले, अंगात काय झाले. सांगता सांगता त्या आठवणीला तारीख आणि जागा मिळते, ती भूतकाळात जाऊन बसते. हा उपचार पूर्वी युगांडातीलच इंवेपी वस्तीत सुदानी निर्वासितांवर तपासून पाहिला होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उत्तर युगांडातील ८५ माजी बालसैनिकांचा समावेश होता. आठ बैठकी घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक तरुण होते, आणि वर्षभरानंतरही कथनोपचार घेतलेल्यांची लक्षणे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके असलेल्या देशात हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. छावण्यांतील किशोरांच्या नैराश्यावर गटाने बसून बोलण्याच्या उपचाराचाही उपयोग झाला, पण मुख्यतः मुलींना. मुलगे गटातही गप्प राहत.

हे ज्ञान आज दुसऱ्या लोकांसाठी वापरले जात आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये यादवी भडकली. तिथल्या सशस्त्र गटांत सुमारे १९ हजार मुले असल्याचा युनिसेफचा अंदाज होता. लाखो निर्वासित युगांडात आले. येथील २००६ चा कायदा निर्वासितांना काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क देतो, शिवाय वस्तीत राहायला व कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. २०१७ मध्ये अचोली प्रदेशातच, लाम्वो जिल्ह्यात, पालाबेक वस्ती उघडली. स्वतः छावणीत वाढलेले लोक तेथे यजमान झाले, आणि आलेल्यांत सीमेपलीकडचे अचोलीही होते. ऱ्हायनो कॅम्प वस्तीत सुमारे सातशे दक्षिण सुदानी स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे वीस-तीस जणींनी एकत्र केलेल्या पाच सत्रांनी तीन महिन्यांनंतरही ताण कमी ठेवला. पण २०२० पासून निधीअभावी शिधा कापला गेला. उपाशी घरात अशा सत्रांचा गुण किती टिकणार, हा प्रश्न त्यामुळे उभाच आहे.

जमीन आणि कूळ

२००७ नंतर छावण्या रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा बांध पुसले गेले होते आणि ते ठाऊक असलेली म्हातारी माणसे मेली होती. अचोलींमध्ये जमीन बापाच्या कुळाकडून येते. रानातून मुले घेऊन परतलेल्या स्त्रीच्या मुलांचा बाप एकतर मेलेला, नाहीतर त्याचे खरे नाव-गावच तिला ठाऊक नसते. माहेरी भाऊ सांगतात, तू राहा, पण बंडखोराच्या मुलांना आमच्या जमिनीत वाटा नाही. अशा अनेकजणी गुलूच्या वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहतात, दगड फोडतात, भाजी विकतात. अकरा वर्षे कोनीच्या ताब्यात राहिलेल्या एव्हलिन अमोनी यांनी अशा स्त्रियांना संघटित केले आणि त्यांचे म्हणणे युगांडाच्या संसदेपर्यंत नेले. या संघटनेने हाती घेतलेल्या कामांत मुलांच्या बापाचे कूळ शोधणे हे एक आहे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटते. बलात्काऱ्याचे घर कशाला शोधायचे? पण आजोबांनी नातवाला ओळख दिली की त्याला आडनावाइतकीच शेताची कडही मिळते.

रानात जन्मलेल्या साठ मुलांशी मिरियम डेनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलून केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. शांततेपेक्षा युद्धाचे दिवस बरे होते, असे अनेक मुलांनी सांगितले. तेव्हा आई-बाप एकत्र होते, बाप सेनापती असेल तर मान होता, लुटीचे का होईना पण अन्न होते. शांततेत आल्यावर सावत्र बापाचा मार, शाळेत ‘कोनीची पोरे’ म्हणून हिणवणे आणि उपास. या उत्तराइतके शांततेचे मोजमाप क्वचितच कुणी स्पष्ट केले असेल.

घरातल्या माराचा उल्लेख दुसऱ्या बाजूनेही येतो. अकरा ते सतरा वयाच्या ३३० माजी बालसैनिकांच्या पाहणीत चारांत एकाहून थोडी जास्त मुले भयंकर अनुभवांनंतरही मनाने सावरलेली दिसली. त्यांच्या घरात मारहाण कमी होती, थोडी बरी परिस्थिती होती, अपराधाची बोचणी आणि सूडाची इच्छा कमी होती. उत्तर युगांडात दोन पिढ्यांना एकत्र धरून झालेल्या अभ्यासात, बालपणी मार खाल्लेले पालक आणि युद्धाच्या आघाताची लक्षणे असलेले बाप मुलांना अधिक मारतात, असे दिसले. युद्ध न पाहिलेल्या मुलापर्यंत युद्ध पोहोचते ते या वाटेने.

डॉमिनिक ओंगवेन

पळवलेले मूल बळी असते आणि पुढे तेच दुसऱ्यांना पळवते, हा पेच न्यायालयासमोर आला तो डॉमिनिक ओंगवेनच्या रूपाने. १९८७ मध्ये, नऊ वर्षांच्या आसपास, शाळेच्या वाटेवर त्याला पळवले. पुढे तो एलआरएच्या सिनिया ब्रिगेडचा सेनापती झाला. जानेवारी २०१५ मध्ये तो शरण आला. ४ फेब्रुवारी २०२१ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पाजुले, ओडेक, लुकोडी आणि आबोक या छावण्यांवरील हल्ले, मुलांची सैन्यभरती, जबरदस्तीचे विवाह आणि लादलेले गर्भारपण अशा ६१ आरोपांत त्याला दोषी ठरवले. मानसिक आजार आणि जबरदस्ती हा बचाव मान्य झाला नाही. शिक्षा ठरवताना मात्र त्याचे उद्ध्वस्त बालपण विचारात घेतले गेले, आणि जन्मठेपेऐवजी २५ वर्षांचा कारावास झाला. शिक्षेत मातो ओपुटचा अंतर्भाव करावा, ही बचावपक्षाची विनंती फेटाळली गेली. अचोली समाजात या निकालावर एकमत नाही. लुकोडीत माणसे गमावलेल्यांना न्याय हवा होता. ज्यांची मुले परतलीच नाहीत त्या आया मात्र म्हणत, तो आमच्या मुलांसारखाच नेला गेला, तेव्हा त्याचे रक्षण कुणी केले नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. कायद्याला एका माणसाविषयी एकच निकाल द्यावा लागतो, गावाला मात्र दोन्हींसह जगावे लागते.

२८ फेब्रुवारी २०२४ ला याच न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला. बळींची संख्या ४९,७७२ धरली गेली आणि एकूण रक्कम पाच कोटी चोवीस लाख युरो ठरली. प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक स्वरूपात, बाकी रक्कम उपचार, शिक्षण आणि उपजीविकेच्या सामूहिक योजनांसाठी. ओंगवेनकडे काहीच नसल्याने ती उभारण्याचे काम बळींसाठीच्या विश्वस्त निधीवर आले, आणि तो निधी देशांच्या स्वेच्छेच्या देणग्यांवर चालतो. या आदेशात छावण्यांतील लोक आहेत, माजी बालसैनिक आहेत, ‘बायको’ म्हणून वाटल्या गेलेल्या स्त्रिया आहेत. रानात जन्मलेल्या ज्या मुलांना मामाच्या शेतात वाटा मिळाला नाही, त्यांनाही बळी म्हणून या आदेशात स्थान मिळाले आहे.